रिकामा पाळणा : उपचार, कायदा आणि श्रद्धा

सप्टेंबर महिन्यात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला जाणाऱ्यांना मेणाच्या वस्तूंची दुकाने परिचित आहेत. घर हवे असणारा मेणाचे घर वाहतो, पायाचे दुखणे असलेला मेणाचा पाय वाहतो आणि अपत्यासाठी आसुसलेले दांपत्य मेणाचे बाळ घेऊन मातेच्या चरणांशी येते. त्या इवल्याशा मेणाच्या बाळामागे किती वर्षांची प्रतीक्षा असते, हे ते दांपत्य आणि परमेश्वरच जाणतो. आपल्या धर्मग्रामांतही अशी दांपत्ये आहेत. ती आपल्या शेजारच्या बाकावर बसून मिस्सा ऐकतात. मात्र त्यांच्या दुःखाविषयी आपण क्वचितच बोलतो, आणि बोलतो तेव्हा बहुधा चुकीचे बोलतो.

हे दुःख मूठभरांचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारणतः सहांपैकी एका व्यक्तीला, आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. बारा महिने नियमित वैवाहिक संबंध असूनही गर्भधारणा न झाल्यास तपासणी करून घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच डॉक्टरांकडे जावे. वय वाढते तशी स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता घटत जाते. म्हणून ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणत राहणे महाग पडते.

डॉक्टरांकडे जाणे म्हणजे श्रद्धेत उणे पडणे, असा समज काही भाविकांच्या मनात आहे. तो निराधार आहे. वैद्याला परमेश्वरानेच निर्माण केले आहे व त्याचा मान राखावा, अशी शिकवण बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात आहे. वंध्यत्व कमी करण्यासाठी होणाऱ्या संशोधनाला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही प्रोत्साहन देतो. नवस आणि औषध यांत वैर नाही.

खरा अडथळा वेगळाच आहे. मूल होत नाही म्हटले की बोट सुनेकडे दाखवले जाते. तिच्या तपासण्या होतात, तिला औषधे दिली जातात आणि पतीची एकही चाचणी होत नाही. वास्तविक जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील दोष हे पूर्ण किंवा अंशतः कारण असते. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी व कमी खर्चाची चाचणी असून तीच आरंभी व्हावयास हवी. तिचा नमुना ख्रिस्ती नीतिमत्तेला बाधा न येता, वैवाहिक संबंधाच्या वेळीही घेता येतो. तसे डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. विवाह संस्काराने दोघे एकदेह झाले असतील, तर दवाखान्याची पायरीही दोघांनी मिळूनच चढावी.

तपासणीत अनेकदा साधी कारणे आढळतात: थायरॉइडचा विकार, अंडाशयातील ग्रंथी, बंद झालेल्या गर्भनलिका, आणि आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोग. यांवर औषधे वा शस्त्रक्रिया आहेत आणि त्यांना ख्रिस्तसभेची पूर्ण संमती आहे. २००८ च्या ‘डिग्निटास पर्सोने’ या दस्तऐवजाने संप्रेरकांचे उपचार आणि बंद गर्भनलिका मोकळ्या करण्याची शस्त्रक्रिया यांचा नामनिर्देश करून त्या योग्य ठरवल्या आहेत.

प्रश्न उद्भवतो तो पुढच्या पायरीवर. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून परीक्षानळीद्वारे बालक जन्मले. त्यानंतर हे तंत्र देशभर पसरले. आज गावोगावच्या फलकांवर त्याची जाहिरात दिसते आणि २०२३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ते मोफत उपलब्ध झाले. या तंत्राला ख्रिस्तसभा नकार देते. १९८७ च्या ‘डोनुम विते’ या दस्तऐवजात त्याची कारणे दिली आहेत. मूल हे पती-पत्नीच्या प्रेममीलनाचे फळ असावे, प्रयोगशाळेतील निर्मिती नव्हे. आणि या प्रक्रियेत अनेक भ्रूण तयार करून त्यांपैकी काही गोठवले वा टाकून दिले जातात. भारताचा २०२१ चा साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवू देतो. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावे लागतात किंवा संमतीने संशोधनासाठी द्यावे लागतात. जीवनाचा आरंभ गर्भधारणेपासून मानणाऱ्या आपणांसाठी हा केवळ तांत्रिक तपशील नाही. परक्याचे बीज वापरणे आणि सरोगसी यांनाही ख्रिस्तसभेचा विरोध आहे. एप्रिल २०२४ मधील ‘डिग्निटास इन्फिनिता’ या घोषणापत्राने सरोगसीविषयी तो पुन्हा स्पष्ट केला.

त्याच कायद्याने काही चांगल्या गोष्टीही केल्या आहेत. प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची आहे, लेखी संमतीवाचून उपचार करता येत नाहीत आणि लिंगनिवडीस बंदी आहे. त्यामुळे कोणत्याही केंद्रात जाताना नोंदणीपत्र पाहावे. कारण नेमके काय आहे, आमच्या वयात यशाची शक्यता किती, एकूण खर्च किती, त्याआधीचे उपचार करून झाले का, हे प्रश्न विचारावेत. निदान होण्यापूर्वीच थेट परीक्षानळीचा मार्ग सुचवला गेला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून केलेला प्रयत्न फसला की घरेच्या घरे खचतात.

येथे आम्हांस एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. परीक्षानळीद्वारे जन्मलेले मूल कोणत्याही अर्थाने कमी नाही. ख्रिस्तसभा पद्धतीला नकार देते, बालकाला कधीच नाही. त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी कुजबुज करणारा ख्रिस्ताच्या प्रेमाशी प्रतारणा करतो.

सर्व उपचार थकल्यावर काय? धर्मशिक्षण ग्रंथ स्पष्ट म्हणतो की मूल हे दान आहे, हक्क नव्हे. आणि वंध्यत्व हे सर्वांत मोठे अरिष्टही नव्हे. दत्तक घेण्याचा मार्ग तो आवर्जून सुचवतो. पूर्वी ख्रिस्ती दांपत्यांना १८९० च्या कायद्यानुसार केवळ पालकत्व मिळत असे. बाल न्याय कायद्यामुळे आता कोणत्याही धर्माच्या दांपत्याला पूर्ण अर्थाने मूल दत्तक घेता येते. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि प्रतीक्षा बरीच करावी लागते. म्हणून हा निर्णयही वेळेवर घ्यावा.

शेवटी आपणा सर्वांसाठी. हन्ना मंदिरात ओठ हलवून मुक्याने रडत होती, तेव्हा एली याजकाने तिला मद्यपी समजून दटावले. पुढे त्याने आपली चूक ओळखून तिला आशीर्वाद दिला. लग्नसमारंभात वा ख्रिसमसच्या भेटीत ‘अजून पाळणा नाही का हलला?’ असे विचारताना आपणही एलीच्या पहिल्या भूमिकेत असतो. धर्मग्रामांतील कुटुंबसेवा केंद्रांनी विवाहपूर्व शिबिरातच या विषयाची माहिती द्यावी, आणि धर्मगुरूंनी अशा दांपत्यांसाठी वेळ राखून ठेवावा. ज्यांच्या अंगणात मूल खेळत नाही, तेही परिपूर्ण कुटुंबच आहे. त्यांना आपल्या प्रश्नांची नव्हे, सोबतीची गरज आहे.