साखरेची वाटी

वारा आमच्या बाजूला फिरला की राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत चंदनाचा वास यायचा. म्हैसूर सँडल सोपचा कारखाना जवळच. 1957 साली तो इथं आला. आता मेट्रो स्टेशनालाही सोप फॅक्टरीचंच नाव आहे.

आई साताऱ्याहून लग्न होऊन आली, तेव्हा तिला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पहिलं वाक्य शिकली ते ‘स्वल्प सक्करे कोडी’, थोडी साखर द्या. शिकवलं समोरच्या अक्कांनी. ती वाटी परत जाताना कधी रिकामी गेली नाही. पुरणपोळी पाठवली की अक्का तिला होळिगे म्हणत, आणि ‘आमची जास्त पातळ असते’ हे दर वेळी ऐकवत!

मी दुसरीत असताना आई महिनाभर दवाखान्यात होती. बाबांची पाळी पहाटेची. त्या महिन्यात माझ्या वेण्या अक्कांनी घातल्या, डब्यात चित्रान्न त्यांचं, प्रगतिपुस्तकावर सहीसुद्धा त्यांचीच, कन्नडमधून. शाळेतल्या बाईंनी काही विचारलं नाही. रात्री मी रडायला लागले की अक्का गोष्ट सांगत. निम्मी कळायची नाही. झोप मात्र लागायची.

रामनवमीचं पानक आणि कोसंबरी अजूनही गल्लीत वाटतात. अक्कांचं घर मात्र गेल्या महिन्यात पाडलं. त्या आता मुलाकडे म्हैसूरला असतात. आईनं परवा फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘सक्करे बेका?’

साखर हवीय का? आईला बोलताच येईना. फोन मी घेतला.