गादी नसलेले महाराज

मूर्तिजापुरात गाडगेबाबांचं नाव शोधत हिंडावं लागत नाही. तालुक्यातलं दापुरा हे त्यांच्या मामाचं गाव. शेणगावला १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, दापुऱ्यातच गुरं राखत, औत हाकत मोठे झाले. पुढे शहरात त्यांचं गोरक्षण उभं राहिलं, त्यांच्या नावाचं महाविद्यालय निघालं. महाविद्यालयाच्या नावात ‘गाडगे महाराज’ आहे, तर अमरावती विद्यापीठाच्या नावात ‘संत गाडगे बाबा’. या बिरुदांवर दोन टोकांकडून हरकत घेतली जाते.

पहिली हरकत परंपरेच्या कैवाऱ्यांची. ‘महाराज’ म्हणवायला गुरू लागतो, दीक्षा लागते, निदान ग्रंथांचा अभ्यास तरी लागतो. ज्याला ना अक्षरओळख ना मठ, त्याला हे पद कसं लागू पडावं? यातला अभ्यासाचा मुद्दा हसण्यावारी नेता येणार नाही. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षं तिथे ज्ञानेश्वरी-गाथा घोटून आलेल्या तरुणाला गाव ‘महाराज’ म्हणतं, त्यात गैर काही नाही. पण हीच एकमेव वाट मानली, तर संतांच्या मांदियाळीतली कितीतरी नावं खोडावी लागतील. चोखोबांना तर देवळाचं दारच बंद होतं. त्यांना संत कोणत्या पीठाने ठरवलं?

गाडगेबाबांच्या बाबतीत पद कुठून आलं ते सरळ दिसतं. १९०५ साली घर सोडलेला हा माणूस गावात शिरायचा तो खराटा घेऊन. अंगात ठिगळांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, जवळ एक गाडगं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारून भंडावून सोडायचं : कर्ज काढून सण कशाला, नवसाला बकरं कशाला, पोरगं शाळेत का नाही? लोकांनी आपापल्या परीने त्यांना नावं दिली. कुणी गोधडेबुवा म्हणालं, कुणी चिंधेबुवा, कुणी वट्टीसाधू. ‘महाराज’ही त्यातच आलं.

दुसरी हरकत सुधारकांची. बुवाबाजीवर तुटून पडणाऱ्याला ‘महाराज’ म्हणून आपण बुवांच्याच पंगतीला बसवतो. ‘समाजसुधारक’ म्हणा, भागलं. हेतू चांगला आहे, पण भिक्षुकशाहीचे हाडवैरी प्रबोधनकार ठाकरे यांनीच बाबांच्या हयातीत त्यांचं चरित्र लिहिलं आणि त्यांना संत म्हणताना त्यांची लेखणी अडली नाही. बाबांचं हत्यार कीर्तन होतं, गजर ‘गोपाला’चा होता. जे व्याख्यानाकडे फिरकले नसते, ते कीर्तनाला रात्र-रात्र बसले. नुसतं ‘समाजसुधारक’ म्हटलं की हा सगळा भाग गळतो. शिवाय ‘महाराज’ हा शब्द भोंदूंच्या हवाली करून टाकला, तर त्यांचंच फावेल.

मग हे बिरुद वापरावं कसं? बाबांच्या वागण्यात त्याचं उत्तर आहे. ते कुणाला पाया पडू देत नसत. वाकणाऱ्यावर काठी उगारली जायची. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, हे ते बजावून सांगत. धर्मशाळा त्यांनी ठिकठिकाणी बांधल्या, पण पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांनी देह ठेवला, तेव्हा मागे बसायला गादीच नव्हती. त्यामुळे त्यांचं ‘महाराज’पण वारसाहक्काने कुणाकडे जायची सोय उरली नाही.

मान लोकांनी द्यावा, ज्याला मिळाला त्याने तो मिरवू नये की वारशाने देऊ नये, हाच दंडक आजच्या कीर्तनकारांनाही लावता येतो. सप्ताहाच्या पत्रिकेत गावाने कीर्तनकाराच्या नावाआधी ‘ह.भ.प.’ आणि नावापुढे ‘महाराज’ जरूर छापावं. तो गावाने दिलेला मान आहे. पण तेच त्याने स्वतःच्या गाडीच्या काचेवर रंगवून घेतलं, मोबाइल नंबरासकट फ्लेक्सवर झळकवलं, त्याच्या जोरावर मानधनाचा आकडा चढवला किंवा ज्याने अजून टाळही धरला नाही अशा पोराच्या नावाला चिकटवलं, तर पुढच्या सप्ताहाच्या पत्रिकेत गावाने नुसतं नाव आणि आडनाव छापावं.