लेसरचे दावे आणि त्यांची रुजवात

मावळातले मौजे इंदुरी हे गाव सरसेनापती दाभाड्यांच्या गढीमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना आणि इंद्रायणीकाठच्या भातामुळे व्यापाऱ्यांना पूर्वीपासून परिचित आहे. परंतु तळेगाव-चाकण रस्त्यावरची रहदारी वाढली, आसपास कारखाने उभे राहिले आणि गावातल्या मुली स्वतःच्या पगारातून स्वतःच्या गरजा भागवू लागल्या, तेव्हापासून ज्या गोष्टीची वाच्यता माजघराबाहेर होत नसे तीही रस्त्याकाठच्या फलकावर येऊन बसली आहे. हनुवटीवरचे, वरच्या ओठावरचे, हातापायांवरचे नको असलेले केस लेसरच्या साह्याने कायमचे, विनावेदना आणि कोणत्याही त्वचेवरून घालवून देण्याची हमी असे फलक देतात. आणि ती हमी वाचून आलेल्या मुलीच्या घरी मात्र त्याच उपचाराविषयी असा गहजब चालतो की विचारता सोय नाही. इश्तहार देणारा आणि गहजब करणारा या दोघांचाही मला प्रतिवाद करावयाचा आहे. कारण माझ्या मते लेसरचा उपचार करून घेण्याजोगा आहे, परंतु फलकावर वर्णिलेला उपचार पृथ्वीतलावर कोठेही अस्तित्वात नाही.

प्रथम घरातल्यांची कैफियत ऐकू. केस ही निसर्गाची देणगी, तिला हात लावू नये, हा त्यांचा पहिला आक्षेप असतो. आणि तो, जावळ काढणाऱ्या, मुंजीत क्षौर करविणाऱ्या व आठवड्याच्या आठवड्याला न्हाव्यापुढे मान देऊन बसणाऱ्या समाजाने घ्यावा, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. सुश्रुताने व्रणाचे जे साठ उपक्रम सांगितले त्यांत लोमापहरण आहे; त्यासाठी त्याने वस्तरा, कातर आणि चिमटा यांची योजना केली असून पुढे शंखचूर्ण व हरताळ यांचा लेपही दिला आहे. हरताळ हे आर्सेनिकयुक्त खनिज होय, तेव्हा प्राचीन म्हणजे निरुपद्रवी असे मानणाऱ्यांनीही जरा सबुरीने घ्यावे. शिवाय याच महाराष्ट्रात विधवेच्या मस्तकावरचे केस तिच्या इच्छेविरुद्ध उतरविले जात होते, तेव्हा धर्ममार्तंडांना निसर्गाच्या देणगीची आठवण झाली नव्हती. १८९० साली कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी ते काम करण्याचे नाकारले, म्हणजे ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनाच अखेर तो खाली ठेवावा लागला. स्त्रीच्या केसांविषयीचा निर्णय कोणी घ्यावा, हा त्या वेळचा वाद होता. आजचाही तोच आहे, फक्त केसांची जागा बदलली आहे.

दुसरा आक्षेप याहून पुष्कळ प्रतिष्ठेचा आहे आणि तो बहुधा शिकलेल्या स्त्रियाच घेतात. स्त्रीच्या अंगावर केस असणे हा रोग नव्हे. तिच्या गुळगुळीत कातडीची अपेक्षा बाजाराने आणि वधूपरीक्षा करणाऱ्यांनी तिच्यावर लादलेली आहे. मग त्या अपेक्षेपुढे मान तुकवून पैसे आणि वेदना का सोसाव्यात, असे त्या विचारतात. हे म्हणणे मला बव्हंशी मान्य आहे. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनी सुचविले म्हणून कोणा मुलीने लेसरखाली जाऊन पडावे, यासारखी अपमानास्पद गोष्ट नाही. मात्र या युक्तिवादातून एवढेच निघते की कोणावर सक्ती होऊ नये. जिला स्वतःला ते केस नको आहेत तिने ते ठेवावेतच, असे त्यातून निघत नाही. आणि जिच्या हनुवटीवर व गळ्यावर पुरुषासारखे राठ केस येतात, जी सकाळच्या पाळीला निघण्यापूर्वी दार लावून आरशासमोर चिमटा घेऊन बसते, तिच्या दुःखाची वासलात तत्त्वचर्चेने लावणे मला निष्ठुरपणाचे वाटते.

या मुलीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण दोन्ही पक्षांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले आहे. तिच्या केसांचे मूळ कित्येकदा त्वचेत नसून अंतःस्रावांत असते. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी अनियमित पाळी, वाढलेले बीजकोश आणि अंगावरील अतिरिक्त केस यांची सांगड घालून ज्या विकाराचे वर्णन केले, तोच आज पीसीओएस या नावाने घरोघर ठाऊक झाला आहे. पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वा प्रभाव वाढला म्हणजे मऊ लवेचे राठ केसांत रूपांतर होते. लेसर त्या केसाला जाळील, परंतु शेजारच्या लवेला उद्या राठ होण्याचा जो हुकूम रक्तातून सुटला आहे तो त्याला मागे घेता येत नाही. म्हणून पाळी चुकते, वजन वाढते, मुरमे येतात आणि केसही वाढतात, अशा मुलीने सौंदर्यकेंद्राची पायरी चढण्यापूर्वी डॉक्टरांची चढावी. इंदुरीच्या मुलीला त्यासाठी पुण्याला खेटे घालण्याचेही कारण नाही. तळेगावातच वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय आहे. उपचार चालू असताना लेसरही घेता येतो आणि घ्यावा. मात्र वर्षा-सहा महिन्यांनी पुन्हा एखादी बैठक लागेल हे मनाशी धरून. कित्येकींच्या बाबतीत कसलाही विकार नसतो, आजीची हनुवटी नातीकडे आलेली असते. तिला तपासणीचा फायदा एवढाच की घरच्यांची कुजबुज थांबते.

तिसरा आक्षेप भीतीचा: या किरणांनी कर्करोग होतो, मूल होत नाही. या भीतीला हसणे सोपे आहे; परंतु तिच्यामागे एक खरी हकिकत आहे आणि ती लेसरची नसून क्ष-किरणांची आहे. १८९६ साली व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरील केसाळ डागावर क्ष-किरणांचा प्रयोग केला, केस गळले, आणि पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत केस काढण्याची क्ष-किरण केंद्रेच निघाली. विनावेदना आणि कायमचे हे शब्द तेव्हाच्या जाहिरातींतही होते. तेथे गेलेल्या स्त्रियांना काही वर्षांनी व्रण झाले, कित्येकींना कर्करोग झाला. क्ष-किरण पेशीतील अणुरेणूंचे आयनीभवन करतात. केसांसाठी वापरला जाणारा लेसर हा तांबड्या किंवा त्याच्या पलीकडच्या अवरक्त पट्ट्यातील प्रकाश असून त्याच्या अंगी ती शक्ती नाही, तो केवळ उष्णता देतो, आणि तीही काही मिलिमीटर खोलीपर्यंत. बीजकोशापर्यंत त्याची पोच नाही. अपत्यप्राप्तीस विलंब होतो तो केसांना कारण झालेल्या त्याच विकारामुळे. आरोपी मात्र लेसर ठरतो.

आता फलकाकडे वळू. १९६० साली थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर निर्माण केला आणि १९८३ साली अँडरसन व पॅरिश यांनी त्वचेतील एखाद्याच घटकाला निवडून तापविण्याचे तत्त्व मांडले. आजचा सारा केशलेसर त्या तत्त्वावर चालतो. उन्हात वाळत घातलेले काळे घोंगडे शेजारच्या पांढऱ्या धोतराहून लवकर तापते, तसा केसातील कृष्णरंजक प्रकाश शोषून तापतो आणि ती उष्णता केसाच्या मुळाशी पसरून त्याची पुनरुत्पत्ती रोखते. हे तत्त्व ज्याला कळले त्याला फलकावरील तिन्ही दाव्यांची रुजवात घरबसल्या करता येईल.

कोणत्याही त्वचेला चालेल, हा दावा घ्या. तोच कृष्णरंजक आपल्या सावळ्या कातडीतही असतो. तेव्हा किरण केसापर्यंत पोहोचण्याआधी कातडीच त्याचा वाटा खाते, आणि यंत्र चुकीचे वा मात्रा अधिक झाली तर भाजते, काळे किंवा पांढरे डाग पडतात. गोऱ्या कातडीला ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अलेक्झांड्राइट लेसर मानवतो. गव्हाळ वर्णाला ८०० ते ८१० चा डायोड सांभाळून वापरता येतो. गडद वर्णासाठी १०६४ चा एनडी-याग सर्वांत निर्धोक, कारण तो खोल जातो आणि वरच्या रंगाला कमी जुमानतो. पुष्कळ ठिकाणी आयपीएल नावाचा तीव्र दिवा लेसर म्हणून खपविला जातो. तो लेसर नव्हेच, आणि सावळ्या त्वचेवर त्याचा अधिक धाक बाळगावा. म्हणून यंत्र कोणते, हे विचारणे हा उद्धटपणा नसून ग्राहकाचा हक्क आहे, आणि आधी लहानशा जागेवर चाचणी घेऊन पाहणे हा वैद्याचा शिरस्ता असला पाहिजे. गालावरच्या मऊ लवेवर तर लेसर चालवूच नये: तेथे केस जाण्याऐवजी वाढल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, आणि दक्षिण आशियातील स्त्रियांचा चेहरा व मान यांत ती विशेष आढळतात. हा उलटा परिणाम कोणत्या फलकावर लिहिलेला मी तरी पाहिला नाही.

कायमचे, हा दावा त्याहून नाजूक. केस वाढीच्या, उताराच्या आणि विश्रांतीच्या अवस्थांतून जातो. वाढीच्या अवस्थेतलाच केस लेसरला नीट सापडतो, आणि एका वेळी अंगावरचे सगळे केस त्या अवस्थेत कधीच नसतात. यास्तव सहा ते आठ बैठका लागतात, चेहऱ्यासाठी चार ते सहा आणि इतर अंगासाठी सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने. शेवटी केस संख्येने बरेच कमी होतात, उरतात ते बारीक व फिके होतात, आणि हा बदल दीर्घकाळ टिकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लेसरयंत्रांना परवानगी दिली ती याच घटीपुरती. बहुतेक स्त्रियांना एवढे पुरे होते, आणि आधी सांगितले असते तर त्यांनी आनंदानेच पैसे मोजले असते.

या मुदतीचा हिशेब मावळात लग्नसराईशी आणि शेतीशी जुळवावा लागतो. वैशाखात लग्न असलेली मुलगी फाल्गुनात चौकशीला आली तर तिच्या पदरी एक-दोन बैठकाच पडणार. तिने आदल्या ज्येष्ठ-आषाढातच आरंभ करावयास हवा होता. शिवाय जी मुलगी भाताच्या कापणीला दिवसभर उन्हात असते तिची रापलेली कातडी पूर्वस्थितीला येईपर्यंत थांबणे श्रेयस्कर. ढगाळ आषाढात लावणीसाठी वाकलेल्यांनीही ऊन नाही म्हणून निर्धास्त राहू नये, अतिनील किरण ढगांतून झिरपतात.

येथेच वस्तऱ्याचा प्रश्न येतो. लेसरपूर्वी निदान चार आठवडे चिमटा, दोरा, वॅक्सिंग बंद करावे लागते, कारण मूळच उपटले तर किरणाने तापवायचे काय. आणि बैठकीआधी केस वस्तऱ्याने कातडीबरोबर करावे लागतात. वस्तरा लावला की केस राठ येतात, या समजुतीने आपल्या स्त्रिया येथे अडून बसतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली मोजमाप करूनच दाखवून दिले की वस्तऱ्याने केसाचा रंग, जाडी वा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेले टोक बोथट असल्याने हाताला ते खरखरीत लागते इतकेच. डाळीचे पीठ चोळून तान्ह्या बाळाची लव घालविल्याचे श्रेय घेणाऱ्या आजीबाईंनाही हेच सांगावे लागेल, कारण ती लव काही आठवड्यांत आपोआप गळतेच. त्या ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

विनावेदना हा दावा तर सरळ खोटा. चटका बसतो, केस जळल्याचा वास येतो, वरच्या ओठावर डोळ्यांत पाणी येते. यंत्राचे शीतक त्याची तीव्रता कमी करते, नाहीशी करीत नाही. नंतर केसांच्या मुळांभोवती लाली व सूज काही तास, क्वचित एक-दोन दिवस राहते. आणि पुढचे दोन-तीन आठवडे जळलेले केस वर सरकून गळत असतात, तेव्हा ते नव्याने उगवले असे समजून घाबरू नये. बधिर करणारे मलम घरी भरपूर चोपडून वर प्लॅस्टिक गुंडाळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो साफ धुडकावावा. तसे करणाऱ्या दोन तरुणींचा अमेरिकेत मृत्यू झाला आणि २००७ साली तेथील प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनसारख्या गोळ्या चालू असल्यास ते सांगावे. गरोदरपणी हे काम लांबणीवर टाकावे. आणि डोळ्यांवर रक्षक चष्मा नसेल तर उठून यावे.

यंत्र चालविणारा कोण, ही चौकशी सर्वांत कमी होते. २००२ च्या आचारविषयक नियमांप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात दर्शनी लावावयाचा असतो. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीशी पडताळून पाहण्यास कोणाची मुखत्यारी लागत नाही. बैठकांचे पैसे एकरकमी आगाऊ भरू नयेत, आणि दर बैठकीची पावती व वापरलेल्या मात्रेची नोंद मागून घ्यावी, कारण कातडी भाजली तर ग्राहक आयोगापुढे दावा त्या कागदांवर उभा राहतो.

राहिल्या त्या वयस्क बाया, ज्यांच्या हनुवटीवरचे केस आता पांढरे झाले आहेत. पांढऱ्या केसात रंजकच नाही, तेव्हा लेसरला तेथे तापविण्यासारखे काही सापडत नाही. तरीही त्यांच्याकडून बैठकांचे पैसे घेतले जातात, ही निव्वळ लूट होय. त्यांच्यासाठी विजेची सुई आहे. सेंट लुईसचे नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी पापणीचे आत वळलेले केस नष्ट करण्यासाठी १८७५ साली ती वर्णिली. ती एकेका केसाच्या मुळाशी जाते, वेळ फार खाते आणि मोठ्या जागेला निरुपयोगी आहे, परंतु हनुवटीवरच्या दहा-बारा केसांना पुरेशी आहे, आणि केस कायमचे काढल्याचा दावा करण्याची मुभा त्या अमेरिकन प्रशासनाने दिली आहे ती या जुन्या सुईलाच.