दोष यंत्राचा कीं आमचा?

‘यंत्रावर मराठी लिहिणें जिकिरीचें,’ ही तक्रार सुशिक्षित घरांतून अजून ऐकूं येते. आम्हांस ती मान्य नाहीं. संगणकासाठीं इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ सालीं प्रमाण ठरला. युनिकोडांत देवनागरी १९९१ सालीं आली. मात्र ‘ॲसिड’मधील मराठी ‘ॲ’स तेथें स्वतंत्र स्थान मिळावयास २००८ साल उजाडावें लागलें. तोंवर आम्ही ‘ऍ’वर भागविलें! हा दोष केवळ यंत्रकर्त्यांचा काय? वापरणाराच रोमन लिपींत मराठी लिहून समाधान मानूं लागला, तर कारागिरास उणीव कळावी कशी? न मागणाऱ्याच्या पदरीं दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा पडावयाचाच. आतां मराठी कळफलक मोबाइलवर फुकट मिळतो. एवढें असतां मुलाबाळांस रोमन लिपींत खुशाली कळविणाऱ्यांनीं मराठीच्या भवितव्याविषयीं अश्रू ढाळूं नयेत, हें बरें.