लूक भारी, पण वळण भारी पडेल!

परवा कॉलेजच्या पार्किंगमध्ये एका मित्राच्या बुलेटभोवती गर्दी जमली होती. मागचे शॉकअप बदलून गाडी दीड इंच खाली घेतलेली आणि फुटरेस्टच्या जागी रुंद, रबर बसवलेले फ्लोअरबोर्ड. एकदम हार्ली फील! संध्याकाळी चौकात उजवीकडे वळताना मात्र खर्रकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि मागचं चाक सटकलं. गुडघा सोलपटण्यावर निभावलं, तेही मागून बस येत नव्हती म्हणून.

चूक फ्लोअरबोर्डची नव्हती, तो बसवण्याची होती. बाइक वळते ती झुकून. गाडी खाली घेतली की झुकायला जागा कमी उरते. त्यात फ्लोअरबोर्ड फुटरेस्टपेक्षा रुंद, म्हणजे रस्त्याला आधी तोच टेकणार. म्हणूनच मोठ्या क्रूझर गाड्यांवर तो बिजागरीवर असतो. घासला की बाहेरची कड वर उचलली जाते आणि ‘बास, आता आणखी झुकू नको’ हे पायालाच कळतं. मित्राच्या गॅरेजवाल्याने तो पट्टीसकट चॅसिला थेट वेल्ड केला. मग इशारा देणारी वस्तू टेकू बनली आणि त्या टेकूवर चाकच उचललं गेलं.

‘गाडीला हातच लावू नका’ असं आम्ही म्हणणार नाही. आपल्या गाडीवर जीव कोणाचा नसतो? पण खाली घेतलेल्या गाडीला फ्लोअरबोर्ड हवाच असेल, तर तो बिजागरीचाच आणि होईल तितका वर, आत घ्या. ब्रेक आणि गिअरचे पेडल नव्या उंचीला जुळवा, नाहीतर ऐनवेळी पाय ब्रेक शोधत बसेल. साइड स्टँडही बघा. गाडी खाली आली की जुन्या स्टँडवर ती जास्त सरळ उभी राहते आणि जरा धक्क्याने पलीकडे पडते.

आणि हो, कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गॅरेजवाला पैसे घेऊन मोकळा होतो. आरसी बुकवर नाव आपलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘किती पडतील?’ विचारण्याआधी ‘झुकल्यावर आधी काय टेकेल?’ हे विचारा. गॅरेजवाल्याला उत्तर देता आलं नाही, तर गाडी तशीच घरी घेऊन या.