हाताला लागणारी गाठ

स्तनातली कर्करोगाची गाठ बोटांना बहुधा टणक लागते. हा टणकपणा मुख्यतः पेशींभोवतालच्या कोलॅजेनच्या तंतूंमुळे येतो. ते वाढतात, एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि ऊतक कडक होतं. या पेशीबाह्य जाळ्याला बराच काळ नुसता भराव समजलं गेलं. माझ्या मते ते या रोगाचं भागीदार आहे. 1997 मध्ये बर्कलीत मीना बिसेल यांच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगपेशी अशाच जाळ्यासारख्या जेलमध्ये वाढवल्या होत्या. जाळ्याशी पेशीचं संधान बांधणारं बीटा-1 इंटिग्रिन हे प्रथिन प्रतिपिंडाने अडवलं, तेव्हा वेड्यावाकड्या वाढणाऱ्या पेशी निरोगी पेशींसारखे गोल, नीटस पुंजके करू लागल्या. जनुकांतला बिघाड जिथल्या तिथे होता. बदलला होता तो शेजाऱ्यांशी व्यवहार. पुढे 2009 मध्ये वॅलरी वीव्हर यांच्या गटाने उंदरांत कोलॅजेनचे धागे जोडणारं लायसिल ऑक्सिडेज हे विकर रोखलं, तर गाठींची वाढ मंदावली.

कुणी म्हणेल, कर्करोग जनुकांचा आजार आहे. खरंच आहे, बीआरसीए जनुकातला दोष कुणी नाकारत नाही. पण बिघडलेली पेशी किती उच्छाद मांडेल, हे एकट्या जनुकावर ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जाळ्याच्या या ज्ञानातून औषध कुठे निघालं? लायसिल ऑक्सिडेजच्याच कुळातल्या लॉक्सएल-2 विरुद्धचं सिमटुझुमॅब हे औषध स्वादुपिंडाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात निरुपयोगी ठरलं, हे मान्यच करायला हवं.

मात्र तोच कडकपणा गाठ शोधायला कामी येतो, आणि त्याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. 2021 मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात असा फायदा दिसला नाही, आणि मऊ गाठही कर्करोगाची असू शकते. तरीही मॅमोग्राफी यंत्राशिवाय एवढं साधतं, ही लहान गोष्ट नाही.

म्हणून नवी मुंबईतल्या पावण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखानदारांना विनंती: वार्षिक आरोग्य तपासणीत वजन-रक्तदाबासोबत पन्नाशीपुढच्या कामगार भगिनींची स्तनतपासणी प्रशिक्षित स्त्री-कर्मचाऱ्याकडून करून घ्या. संशय आला तर टाटाचंच ॲक्ट्रेक केंद्र याच नवी मुंबईत, खारघरला आहे.