फलक सगळ्यांसाठी, दार कुणासाठी?

अंगातला ताप थर्मामीटरवर कळतो. मनाचा ताप मात्र बोलण्यातूनच कळतो. डॉक्टरांनी विचारायचं आणि आजारी माणसानं सांगायचं. पण विचारणाऱ्याची भाषा एक आणि सांगणाऱ्याची दुसरीच असली तर?

आमचं परतवाडा सोडलं की मेळघाटचा घाट लागतो. तिथली कोरकू बोली मराठीच्या कुळातली नाही, ती मुंडा कुळातली. आरोग्य शिबिरांना मदतीला मी जाते. एका शिबिरात एका कोरकू बाईला विचारलं, "काही त्रास नाही ना?" तिनं नुसती मान हलवली. कागदावर 'तक्रार नाही' अशी नोंद झाली. नंतर आशाताईंनी कोरकूत विचारलं, तेव्हा कळलं की तान्हं मूल गेल्यापासून ती रात्र रात्र बसून काढते. आशाताई त्या दिवशी आल्या नसत्या तर?

कागदावर सगळं आहे हो! राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे, जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तर उपचार मिळणं हा हक्क मानलाय आणि जात, धर्म, लिंग, वर्ग, संस्कृती यांवरून भेदभाव करायचा नाही असंही म्हटलंय. २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबरही आहे. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मनाच्या आजाराच्या दर दहा माणसांपैकी आठजण उपचाराबाहेर आढळले होते. या आठांत कोण असणार, ते सांगायला का हवं?

अमेरिकेत हाच प्रश्न वंशाचा आहे. तिथल्या सर्जन जनरलच्या २००१ च्या अहवालानं स्पष्ट सांगितलं, की कृष्णवर्णीय, मूळ रहिवासी आणि इतर अल्पसंख्य समाजांना मनाच्या आजारावर उपचार कमी मिळतात, आणि मिळतात तेही कमी दर्जाचे. आपल्याकडे वंशाच्या जागी जात-जमात घाला, चित्र फारसं बदलत नाही.

पारधी समाजाचंच बघा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यात पारधीही भरडले गेले. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण लोकांच्या नजरेतला शिक्का गेला का? जिला रस्त्यानं चालताना संशयानं बघतात, ती बाई सरकारी टेबलासमोर बसून मनातलं सांगेल कशी?

अंतराचंही तसंच. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार गावांत : पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. धारणीहून नागपूर अडीचशे किलोमीटरच्या पुढे. जायचं तर रोजी बुडते, सोबतीच्या माणसाचीही बुडते. त्यातून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेरगावी जातात, ती होळीला परततात. मग महिन्याच्या गोळ्या घ्यायला येणार कोण? आपण मात्र 'हे लोक औषधं अर्धवट सोडतात' म्हणून मोकळे!

सगळ्यांना एकच माप लावणं म्हणजे समानता, असं आपल्याला वाटतं. घरात आपण असं करतो का? आजारी लेकराला मऊ भात, धडधाकटाला भाकरी. यात पक्षपात नाही, समज आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बोलीभाषा जाणणारी माणसं, तिथल्याच मुली, प्रशिक्षण आणि मानधन देऊन या कामात घ्या. भूमकाला हिणवू नका, त्यालाही विश्वासात घ्या. गोळ्या स्थलांतराचं वेळापत्रक बघून द्या. आणि किती आदिवासी, किती भटके-विमुक्त उपचाराला आले, किती टिकले, याचा हिशेब दरवर्षी जाहीर करा. कुणी म्हणेल, दवाखान्यात जात कशाला काढता? नाव झाकून नुसती बेरीज मांडायची आहे. कोण आलं नाही हे मोजलंच नाही, तर त्याला बोलावणार कसं?

आपण बचत गटात, ग्रामसभेत बसतो. पुढच्या ग्रामसभेत विचारून तर बघा : आपल्या तालुक्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या वारी येतात आणि पाड्यावरच्या बाईशी कोणत्या भाषेत बोलतात? उत्तर मिळालं नाही, तर तेही इतिवृत्तात लिहून घ्या.